बारीक आटे, जाड आटे

भिंगकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. चष्म्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलाशी बसून त्यांनी छत्तीस वर्षं काढली. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे, आरसा धरायचे. मागे काका काचा घासायचे, फ्रेममध्ये बसवायचे, काड्यांच्या बिजागऱ्यांत स्क्रू घालायचे. उजव्या डोळ्याला लावायचं काळं भिंग काम नसलं की कपाळावर सरकवलेलं असायचं. कित्येकदा ते तसंच घेऊन काका घरी यायचे, म्हणून हे नाव.

चष्म्याचा स्क्रू तो केवढा, तिळाएवढा. खाली पडला तर शोधायचा नाही, दुसरा घ्यायचा, अशी त्या धंद्यात रीतच असते. काकांच्या हातून स्क्रू पडायचा नाही. बोटाच्या टोकावर घेऊन, न बघता ते सांगायचे, हा काडीचा, हा नाकाच्या पॅडचा. एकदा मालकांनी रुमालाने त्यांचे डोळे बांधून परीक्षा घेतली होती. वीसपैकी वीस. काकांनी आयुष्यात बढाई अशी कधी मारली नाही, पण ही गोष्ट निघाली की ते नको नको म्हणत पुन्हा एकदा सांगायचेच.

मालक थकले, दुकान बंद झालं, काका घरी बसले. पहिल्या तीन महिन्यांत त्यांनी घरातल्या खुर्च्या, कपाटाच्या मुठी, कुकरचं हँडल, दाराच्या कड्या, सगळं आवळून टाकलं. शेवटी काकू म्हणाल्या, "आता माझ्याकडे बघू नका. मी काही ढिली झालेली नाही."

त्यांची लेक एका छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि संध्याकाळी घरी आली की पुस्तकं मोठ्याने वाचायची. अंध वाचकांसाठी चालवलेलं एक ग्रंथालय होतं, त्याच्यासाठी ती पुस्तकं आवाजात उतरवून द्यायची. त्यासाठी तिने घरातली अडगळीची खोली रिकामी केली होती. भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, मध्ये एक स्टूल, समोर एक फळी. फळीवर मावेल असा, बुटांच्या खोक्यापेक्षा जरा मोठा, लोखंडी पेटीतला संगणक तिने एका सहकाऱ्याकडून जुनाच घेतला होता. पेटी लहान, त्यामुळे आतला पंखाही लहान, आणि तो लहान असल्याची सगळी कसर ओरडून भरून काढायचा.

ग्रंथालयात आलेलं प्रत्येक वाचन ऐकून पास करणाऱ्या बाई स्वतः अंध होत्या आणि त्यांच्या कानातून काही सुटायचं नाही. त्यांनी तीन प्रकरणं परत पाठवली. सोबत निरोप होता : "वाचन फार छान. पण गोष्टीतली बाई घरात एकटीच आहे ना? मग तिच्यामागे मिक्सर कोण फिरवतंय?"

लेकीने विचारपूस केली आणि पाण्यावर चालणारा कूलर मागवला. तो आला तेव्हा काकांना पहिला प्रश्न पडला तो हाच, की विजेच्या वस्तूत पाणी कशाला? लेकीने समजावलं. संगणकाची चिप तापते, तिच्यावर धातूचा एक बिल्ला बसतो, दोन नळ्यांतून पाणी फिरतं आणि जाळीदार रेडिएटरमध्ये जाऊन गार होतं. जाळीवर एक पातळ, मोठा पंखा. मोठा पंखा हळू फिरला तरी भागतं, म्हणून आवाज नाही. पाणी आतल्या आत बंद असतं, बाहेर येत नाही.

"येत नाही म्हणजे येऊच शकत नाही, की येऊ नये?" काकांनी विचारलं.

"बाबा, मला उशीर होतोय. संध्याकाळी मी आल्यावर बसवू."

"तू कशाला? स्क्रूच लावायचेत ना? मी बघतो."

लेकीला बरंच वाटलं. काकांना तर केव्हाचं वाटायला लागलं होतं. लेक गेल्यावर त्यांनी जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलं, भिंग कपाळावर चढवलं आणि खोकं उघडलं.

आत स्क्रूंच्या पाच पिशव्या निघाल्या. शिवाय सहकाऱ्याने संगणकाबरोबर दिलेली एक डबी होती, तिच्यात आणखी मूठभर. माहितीपत्रकावर अक्षर म्हणून नव्हतं. नुसती चित्रं. चित्रात एक बिनचेहऱ्याचा हात एक स्क्रू एका भोकात घालत होता, आणि पाचही पिशव्यांतले स्क्रू त्या चित्रासारखेच दिसत होते. काकांनी पत्रक उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, मग काकूंना दाखवलं.

"हा हात डावा आहे की उजवा?" काकू म्हणाल्या.

"तो प्रश्नच नाहीये अगं."

"मग मला कशाला दाखवताय?"

पेटीच्या एका भोकात त्यांनी एक स्क्रू लावून पाहिला. दोन फेरे गोडीत गेला आणि अडकला. त्याच्यासारखाच दुसरा घेतला, तो सरळ आत गेला आणि घट्ट बसला. शेजारच्या भोकात नेमकं उलटं झालं, पहिला घट्ट बसला आणि दुसरा आत घसरून खुळखुळत राहिला. काका चक्रावले. छत्तीस वर्षांत भोकाने असा चकवा त्यांना कधी दिला नव्हता. मग त्यांनी भिंग डोळ्यावर घेतलं, दोन स्क्रू चिमट्याने शेजारी शेजारी धरले, आणि उलगडा झाला. एकाचे आटे बारीक, दाट. दुसऱ्याचे जाड, जरा लांब लांब, आणि अंगानेही तो अर्धा मिलिमीटर जास्त. दोन वेगळ्याच जाती, एकाच घरात नांदायला पाठवलेल्या.

मग काय, काका खुलले. दुपारभर बसून त्यांनी एकेक स्क्रू भिंगाखाली घातला. बारीक आटे निळ्या बशीत, जाड आटे पांढऱ्या बशीत. संध्याकाळी पाठ मोडून आली होती, पण मन हलकं होतं. बाकीचं उद्या, म्हणून ते फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निळ्या बशीतला एक स्क्रू उचलला. बोटाला तो जाड लागला. भिंगाखाली पाहिलं, जाडच. दुसरा उचलला, बारीक. तिसरा जाड. पांढऱ्या बशीतही तीच गत. निम्मे हे, निम्मे ते.

काका बशांकडे बघत राहिले. आपण काल ते वेगळे केले होते, की वेगळे करायचं नुसतं ठरवलं होतं? दुपार आठवत होती. पाठ दुखलेली आठवत होती. पण बशीत टाकताना हात कुठे गेला, ते एकेका स्क्रूचं कुणाला आठवतं? की निळी कुठली आणि पांढरी कुठली यातच घोटाळा झाला होता? पण मग निम्मे कसे?

त्यांच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. शेवटी शेवटी तो शर्टाची बटणं लावायला बसायचा आणि वरचं बटण खालच्या काजात घालून तासभर तक्रार करायचा, की शिंप्याने फसवलं. काका त्याच्याजवळ बसून बटणं सोडवायचे. आता तेच बटण आपल्या शर्टाला लागलं की काय, असा काहीसा विचार डोक्यात आला आणि गेला नाही.

काकूंना विचारावं, असं एकदा वाटलं. पण विचारणार काय? मी काल स्क्रू वेगळे केले होते का, हे दुसऱ्याला विचारणं म्हणजेच उत्तर देऊन टाकणं. न विचारताच ते पुन्हा वेगळे करायला बसले. हात चालू होते, मन मात्र बटणांपाशी घुटमळत होतं.

रेडिएटरला पंखा लावायचा होता तो टेबलावरच, पेटीबाहेर. भोकं बारीक आट्यांची होती, तेवढं काकांनी दोनदा तपासलं. पिशवीत चार लांब स्क्रू होते, पंखा आरपार ओलांडून जाळीत शिरतील असे. त्यांनी ते लावले. तीन नीट बसले. चौथा फिरता फिरता किंचित अडला, मग मेणात गेल्यासारखा मऊ मऊ पुढे गेला. एरवी काकांचा हात तिथेच थांबला असता. स्क्रू बोलतो, असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी स्क्रू बोलला असेल, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडावर रुपयाएवढा हिरवट ओला डाग होता.

काकांनी तो पुसला. आपण इथे काही सांडलं का? काचा पुसायचं पाणी? पण ते निळं. औषध? ते गोळीचं. त्यांनी कापड बदललं आणि रेडिएटर पुन्हा होता तसाच ठेवला. जेवण झाल्यावर पाहिलं तर नव्या कापडावर डाग हजर. तेव्हा कुठे त्यांनी भिंग लावून जाळीत डोकावलं. चौथ्या स्क्रूचं टोक जाळीच्या कडेच्या नळीत रुतलं होतं आणि तिथे आतल्या पाण्याचा एक हिरवा थेंब भरत होता. भरला, लोंबला, पडला.

संध्याकाळी लेक आली तेव्हा काकू बहिणीकडे गेल्या होत्या. काका टेबलाशी दिवा न लावता बसलेले. लेकीने बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा पाहून चपला काढायला विसरली.

"बाबा, काय झालं?"

"मला काहीतरी होतंय."

"कुठे? छातीत?"

"नाही. बशीत."

लेकीने टेबलावरच्या बशांकडे पाहिलं. मग काकांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, बशा, निम्मे निम्मे, डाग. थोरल्या भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही, पण लेकीला ते ऐकू आलं. ती शेजारी बसली. रागावावं की धीर द्यावा हे तिला कळेना, म्हणून तिने रेडिएटर हातात घेतला आणि तिचाही हात हिरवा झाला.

"आईला सांगू नकोस," काका म्हणाले.

"काय सांगू नको? कूलरचं की बशीचं?"

काकांनी विचार केला. "कूलरचं सांग."

शनिवारी दोघं फुटलेला कूलर पिशवीत घालून संगणकाच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. लांबट, अरुंद दुकान. छतापर्यंत खोकी, आणि काउंटरमागे एक जाडजूड बाई, नाकावर घसरलेला चष्मा. बाईंनी रेडिएटर दिव्याखाली धरला आणि स्क्रू आहे तसाच राहू देऊन पंख्याची जाडी बोटाने मोजली.

"पंखा पातळ, स्क्रू जाड्या पंख्याचे," बाई म्हणाल्या. "पंधरा मिलिमीटर उरला, तो गेला पोटात. हे बघा."

"पण ते त्याच पिशवीत होते," काका म्हणाले.

"हो, असतात. पंखा कुठलाही येवो, पिशवी तीच. मी स्वतः सुरुवातीला असे दोन फोडलेत. दुसरा फोडला तेव्हा तर मी दुसऱ्या कुणाला तरी शिकवत होते."

काकांनी खिशातून कागदाच्या पुडीत बांधलेले दोन स्क्रू काढले, एक बारीक, एक जाड. तीन दिवस ते त्यांच्या खिशात होते. "आणि हे? एका पेटीत हे दोन कशाला? एकच जात ठेवायला काय झालं होतं?"

बाईंनी दोन्ही हातात घेतले. "एक इंचवाल्यांचा, एक मिलिमीटरवाल्यांचा. कुणी माघार घेतली नाही, म्हणून दोन्ही राहिले. इतकंच मला ठाऊक आहे. अठरा वर्षं दुकान चालवतेय, अजून डब्यात हात घातला की आधी चुकीचाच लागतो."

काकांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या बाईंचा घोटाळा आणि आपला घोटाळा एकच का, हे काही त्यांना ठरवता येईना. त्यांचे स्क्रू डब्यात मिसळलेलेच होते. आपले तर आपण वेगळे केले होते.

बाई वाकल्या तसा त्यांचा चष्मा सुटून काउंटरवर पडला. काडी लोंबत होती. काकांचा हात आपोआप पुढे गेला. किल्ल्यांच्या जुडग्यात त्यांचा जुना बारीक स्क्रू ड्रायव्हर होताच. बिजागरीतला स्क्रू निम्मा बाहेर आला होता. भिंग घरी राहिलं होतं. काकांनी डोळे मिटले, नखाने खाच शोधली, दोन फेरे दिले, पाव फेरा मागे घेतला, आणि चष्मा परत केला.

"न बघता?" बाई म्हणाल्या.

"याला बघायचं काय असतं," काका म्हणाले, आणि स्क्रू ड्रायव्हर जुडग्यात परत घालता घालता थांबले. न बघता हे जमतं आणि भिंग लावून ते का जमलं नाही?

बाईंनी पाण्याचा नाद सोडायला लावला. त्यांनी दिला तो साधा बुटका कूलर, तांब्याच्या नळ्या, ॲल्युमिनियमच्या पापड्या, वर चपटा पंखा. बरोबर फक्त चार स्क्रू, स्प्रिंग घातलेले, एकाच जातीचे. काकांनी ते दुकानातच चार वेळा मोजले.

रविवारी दुपारी बापलेक टेबलाशी बसले. चिपवर उष्णता ओढून घेणाऱ्या राखाडी मलमाचा मुगाएवढा ठिपका दिला. वर कूलर टेकवला. एक कोपरा थोडा आवळायचा, मग समोरचा, मग उरलेले दोन, पुन्हा पहिला. हे मात्र काकांना सांगावं लागलं नाही. काच फ्रेममध्ये अशीच बसवतात, एकाच बाजूने आवळली तर तडकते. चौथा स्क्रू जिथे थांबायचा तिथे थांबला आणि काकांचा हातही थांबला.

पेटीच्या बाजूला एक दुसरा पंखा लावायचा होता, आतली गरम हवा बाहेर फेकायला. तिथे नवा वाद उभा राहिला.

"याची पुढची बाजू कोणती?" काका म्हणाले.

"जिथे पाती दिसतात ती."

"पाती दोन्हीकडून दिसतात."

"एका बाजूला आडव्या दांड्या आहेत, ती मागची. वारा तिकडून जातो."

"मागून जातो म्हणजे पुढून येतो?"

लेकीने वर्तमानपत्राची एक चिंधी फाडली, पंखा नुसताच तारेला जोडला आणि चिंधी समोर धरली. चिंधी उडाली. पंखा फिरवून धरला, चिंधी जाळीला चिकटली. दोघांचं एकमत झालं, पंखा बसवला, आणि मग कुठल्या बाजूला उडाली होती यावर पुन्हा दोन मतं झाली. चिंधी परत आणावी लागली. पंखा उलटाच बसला होता. काढून सुलटा बसवला.

झाकण लावून लेकीने बटण दाबलं. काहीच झालं नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लेकीने पुन्हा दाबलं, तसा पडद्यावर उजेड आला आणि लगेच गेला.

"अगं, तो चालू झाला होता," काका म्हणाले. "तू बंद केलास."

आवाजच नव्हता, तर कळणार कसं? तिसऱ्यांदा बटण दाबून दोघांनी पेटीला कान लावले. दूर कुणी तरी झोपेत श्वास घेतंय इतपत काहीतरी होतं, आणि ते पेटीतून येतंय की एकमेकांच्या नाकातून, याची खात्री काही पटेना. एक तास पेटी तशीच चालू ठेवली. काकांनी दर पाच मिनिटांनी झाकणाला हात लावला. कोमट. मग लेक ती उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लावून परत पाठवलेलं पहिलं प्रकरण वाचायला बसली.

काका स्वयंपाकघरात आले. काकू शेंगा सोलत होत्या. काकाही मदतीला बसले. थोड्या वेळाने काकू म्हणाल्या, "बशा मोकळ्या झाल्या असतील तर द्या. त्या दिवशी केवढी पंचाईत झाली माझी."

"कुठल्या दिवशी?"

"सोमवारी. तुम्ही फिरायला गेलात, मला पानं मांडायची होती. कापड उचललं तर दोन्ही बशा उपड्या. सगळे स्क्रू टेबलावर. मी सगळे गोळा केले बरं का, एकही हरवू दिला नाही. दोन्ही बशांत सारखे वाटून ठेवले."

काकांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "सारखे वाटून?"

"मग? एकीत जास्त, एकीत कमी कशाला? सारखेच तर होते दिसायला."

काकांना हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग राग आला. त्यातलं आधी कशाला वाट द्यावी ते कळेना. "अगं, सांगायचं नाही होय? मी पाच दिवस..."

"पाच दिवस काय?"

त्यांनी सांगितलं. थोरल्या भावाचंही सांगितलं. काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मला विचारायचं होतंत की."

"तेच तर नव्हतं विचारायचं."

"म्हणजे बशांचं माझ्यामुळे झालं. आणि कूलर?"

"कूलर माझ्यामुळे. म्हणजे बशांमुळे. म्हणजे..." काका थांबले. कुणाचं काय आणि कशामुळे, याचे धागे पुन्हा एकमेकांत शिरत होते.

एवढ्यात करपल्याचा वास आला. दोघंही एकदम उठली. मागच्या शेगडीवर दुधाचं पातेलं होतं, दूध आटून तळाला तपकिरी खरवड धरलेली. काकूंनी शेगडी बंद केली.

"हे तुम्ही ठेवलंत?" त्या कुजबुजल्या, कारण आतून लेकीचा वाचायचा आवाज येत होता.

"मी? मी आत्ता आलो. तू ठेवलंस."

"मी तर शेंगा घेऊन बसले होते."

"त्याआधी?"

काकूंनी आठवून पाहिलं. काकांनीही आठवून पाहिलं. दुपारी चहाचं बोलणं झालं होतं एवढं दोघांना आठवत होतं. पुढे कोण उठलं होतं ते एकालाही सांगता येईना. पातेल्याचे दोन कान दोघांनी दोन फडक्यांत धरले आणि ते उचलून, भांड्याला भांडं न लागू देता, हळूच मोरीत नेऊन ठेवलं.